अमराठी विद्यार्थ्यांसाठी अँकीचा सामायिक शब्दसंच कसा बांधावा

मराठी दुसरी भाषा म्हणून शिकवताना अँकीत, म्हणजे ठरावीक अंतराने कार्डं पुन्हा दाखवून उजळणी करून घेणाऱ्या ॲपमध्ये, 'पाणी म्हणजे वॉटर' एवढ्यावर थांबणारी कार्डं करू नका. असं कार्ड पाठ केलेला विद्यार्थी हमखास 'पाणीत' म्हणतो, कारण 'पाण्यात' हे रूप त्याने पाहिलेलंच नसतं. लिंग, अनेकवचन आणि सामान्यरूप शब्दाच्या बरोबरच डोक्यात बसलं पाहिजे. नंतर वेगळं शिकवायचं म्हटलं की दुप्पट मेहनत पडते.

अँकी संगणकावर आणि अँड्रॉइडवर मोफत आहे, आयफोनवर विकत घ्यावं लागतं. तरी कार्डं थेट त्यात लिहू नका. आधी सगळ्या शिक्षकांना उघडता येईल असा गूगल शीटचा तक्ता करा. स्तंभ सात: क्रमांक, शब्द, अर्थ, वाक्य, आवाज, चित्र, श्रेय. शब्दाच्या रकान्यात 'तो रस्ता – रस्ते', 'ती वही – वह्या', 'ते झाड – झाडं' असं पूर्ण लिहा. वाक्यात सामान्यरूप आलंच पाहिजे: 'रस्त्यावर गर्दी आहे', 'झाडाला पाणी घाल'. 'झाडं' लिहायचं की 'झाडे', हे पहिल्याच दिवशी ठरवा, नाहीतर एकाच संचात दोन्ही येतात आणि शिकणारा गोंधळतो.

क्रमांक पहिल्या स्तंभात ठेवण्याला कारण आहे. अँकी आयात करताना पहिल्या रकान्यावरून नोंद ओळखतं. तिथे शब्द असेल आणि पुढे त्याचं शुद्धलेखन सुधारलं, तर जुनी नोंद तशीच राहून शेजारी नवी तयार होते; विद्यार्थ्याची आजवरची उजळणी चुकीच्या कार्डाला चिकटून राहते. क्रमांकाची सुरुवात अक्षराने करा, जसं 'म००१'. नुसते आकडे असले की एक्सेल सुरुवातीची शून्यं खातं.

दुसरा सापळा अर्ध्या र-चा. 'दऱ्या' आणि 'दर्या' हे वेगळे शब्द आहेत, हे शिक्षकाला माहीत असतं. पण 'ऱ्य' सुद्धा दोन प्रकारे टाइप होतो: कुणी ऱ, हलन्त आणि य वापरतं, कुणी साध्या र-ला हलन्त लावून मध्ये न दिसणारं जोडचिन्ह टाकतं. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. शोधात मात्र एक टाइप केल्यावर दुसरा सापडत नाही, आणि उत्तर टाइप करायच्या कार्डावर बरोबर उत्तर चूक ठरतं. पहिली पद्धत सगळ्यांसाठी ठरवून घ्या आणि आयातीआधी 'शोधा-बदला' चालवा.

आवाज टाळू नका. 'चार' आणि 'चाक', 'जेवण' आणि 'जागा' यांतला च-ज-चा फरक लिपी दाखवतच नाही. तो कानानेच कळतो. पडदे, गाद्या असलेल्या खोलीत फोन तोंडापासून वीतभर लांब धरून आधी शब्द, मग वाक्य नेहमीच्या वेगाने बोला. एमपी३, मोनो, ६४ केबीपीएस पुरतं: चार सेकंदांची फाइल साधारण ३२ केबी होते, म्हणजे ३०० फाइली १० एमबीच्या आत. फाइलीच्या नावात नोंदीचा क्रमांक घाला. दोघांनीही 'घर' नावाची फाइल दिली तर एकीचा आवाज दुसरीच्या कार्डावर वाजतो, कारण अँकी सगळ्या फाइली एकाच फोल्डरमध्ये ठेवतं. मुलांचा आवाज वापरणार असाल तर पालकांची लेखी परवानगी घ्या.

चित्रं गूगलच्या शोधातून उचलू नका. विकिमीडिया कॉमन्सवर प्रत्येक चित्राखाली परवाना लिहिलेला असतो. छायाचित्रकाराचं नाव, परवाना आणि दुवा श्रेयाच्या रकान्यात त्याच क्षणी उतरवा, नंतर शोधत बसणं जिकिरीचं होतं. 'बाय-एसए' असेल तर चित्रात बदल करून वाटताना तोच परवाना द्यावा लागतो. इतरत्र घेतलेल्या चित्रावर 'एनडी' असेल तर बदललेलं रूप वाटता येत नाही, आणि 'एनसी' असेल तर फी घेणाऱ्या वर्गाला अडचण येते.

तक्ता यूटीएफ-८ सीएसव्ही (देवनागरी टिकवणारी साधी मजकूर-फाइल) म्हणून उतरवा, अँकीत आयात करा आणि पहिली दहा कार्डं फोनवर उघडून पाहा. वाटण्यासाठी निर्यात करताना माध्यमं (आवाज आणि चित्रं) घ्या, उजळणीच्या वेळापत्रकाची खूण काढा. नाहीतर तुमचा अभ्यास विद्यार्थ्याच्या गळ्यात पडतो. रोजची २० नवी कार्डं ही मूळ मर्यादा लहान मुलांसाठी ५ वर आणायला सांगा. संचाबरोबर तक्त्याचा दुवाही द्या, म्हणजे नागपूरच्या शिक्षकाला सापडलेली चूक लंडनच्या वर्गातही दुरुस्त होईल.