फुग्यांच्या चाचणीने जोखीम घेण्याची वृत्ती कशी मोजावी?

मानसशास्त्राच्या प्रकल्पाला हा विषय घेतला की बहुतेक विद्यार्थी प्रश्नावली वाटून मोकळे होतात. पण ‘तुम्ही धाडसी आहात का?’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणारा माणूस सोलापुरात शोधून काढावा लागेल. त्यापेक्षा माणूस प्रत्यक्षात कसा वागतो ते बघावं. त्यासाठी लेजुएझ आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये मांडलेली ‘बलून अ‍ॅनालॉग रिस्क टास्क’, म्हणजे ‘बार्ट’, ही संगणकावरची चाचणी सोपी आणि कमी खर्चाची आहे.

खेळ असा. पडद्यावर फुगा दिसतो. कळ दाबली की तो जरा फुगतो आणि तात्पुरत्या खात्यात ठरलेली रक्कम पडते. वाटेल तेव्हा थांबून ती रक्कम कायमच्या खात्यात जमा करायची. त्याआधी फुगा फुटला तर त्या फुग्याचे पैसे बुडाले. आधी जमा केलेल्यांना धक्का लागत नाही. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत आपण फुगे फोडायला पैसे मोजतो, इथे फुगा वाचवला तर पैसे मिळतात.

सॉफ्टवेअर आणि मांडणी. ‘पेबल’ आणि ‘सायटूलकिट’ या मोफत साधनांत बार्ट तयार मिळते. ‘सायकोपाय’ हे प्रयोग बांधायचं सॉफ्टवेअर येत असेल तर स्वतःही बांधता येते. मूळ चाचणीत तीन रंगांचे मिळून ९० फुगे होते. पहिल्यांदा करणाऱ्याने फक्त १२८ मर्यादेचे, म्हणजे फार तर १२८ दाबांत फुटणारे, ३० फुगे घ्यावेत. इथे पहिल्या दाबाला फुटण्याची शक्यता १२८ त १, दुसऱ्याला १२७ त १, अशी ती वाढत जाते. म्हणजे सरासरीने फुगा ६४ व्या दाबाच्या आसपास फुटतो. फुटण्याचा क्रम सगळ्यांना एकच ठेवा, नाहीतर एकाच्या नशिबी सुरुवातीलाच तीन फुटके फुगे येतात, तो बिचकतो आणि तुम्ही त्याला ‘सावध’ म्हणून लिहून ठेवता.

पैसे. नुसत्या गुणांवर खेळणारा माणूस आणि खऱ्या पैशांवर खेळणारा माणूस वेगळा वागू शकतो. दाबाला १० पैसे धरा. दर फुग्याला ६४ वर थांबणाऱ्याचे निम्मे फुगे फुटतील आणि ३० फुग्यांत त्याला सरासरी ९६ रुपये मिळतील. ३० वर थांबणाऱ्याला साधारण ६९. माणशी शंभर रुपये बाजूला ठेवले की भागतं. क्वचित एखादा त्याच्याही वर जाईल. सहभागी खिशातला पैसा लावत नाही, हे सुरुवातीलाच सांगा, म्हणजे ‘हा जुगार तर नाही ना?’ ही शंका तिथेच मिटते. कॉलेजच्या नैतिकता समितीची परवानगी, लेखी संमती आणि अठराखालच्या मुलांसाठी पालकांची सही हे आधी उरका.

सूचना. माझ्या मते चाचणी बिघडते ती इथे. ‘फुगा पहिल्याच दाबाला फुटू शकतो किंवा पडदाभर मोठाही होऊ शकतो, कुठे थांबायचं ते तुम्ही ठरवा’ एवढंच सांगायचं. १२८ चा आकडा सांगायचा नाही. ‘जोखीम’, ‘धाडस’ हे शब्द काढायचे नाहीत. ‘बघू, कोण जास्त कमावतो’ तर मुळीच नाही. सोलापूरच्या पूर्व भागात, तेलुगू बोलणाऱ्यांच्या वस्तीत, चाचणी घेणार असाल तर सूचना तेलुगूतही हव्यात; गरजेप्रमाणे कन्नड आणि उर्दूतही. मात्र त्या छापून, सगळ्यांना सारख्याच द्या. ऐनवेळी शेजारच्याने केलेलं भाषांतर बहुधा असं असतं: ‘जास्त फुगवू नको, फुटेल.’ झालं, मोजायचं होतं तेच शिकवून टाकलं!

यंत्रमागावर आयुष्य गेलेल्या मावशींना माऊस परका वाटू शकतो. त्यांना स्पेसबार द्या आणि दोन-तीन फुगे सरावाला. ते हिशोबात धरू नका. खोलीत एका वेळी एकच माणूस. मागे उभं राहून ‘अरे, थांब थांब!’ म्हणणारा मित्र बाहेर. लॅपटॉप चार्ज केलेला असू द्या. मे महिन्यात दुपारी पंख्याविना बसवलेला माणूस उन्हाला कंटाळून लवकर थांबतो, त्यामुळे सकाळची वेळ बरी.

हिशोब. फुटलेले फुगे वगळून उरलेल्यांच्या दाबांची सरासरी काढायची. समजा पाच फुग्यांवर दाब पडले २०, ३५, ४१, २९ आणि ६०. त्यातले ४१ आणि ६० चे फुटले. मग २०, ३५ आणि २९ यांची बेरीज ८४, भागिले ३, उत्तर २८. फुटलेले का सोडायचे? तिथे कुठे थांबायचं ते फुग्याने ठरवलं, माणसाने नाही. फुटलेल्या फुग्यांची संख्या वेगळी लिहून ठेवा. पहिले दहा, मधले दहा आणि शेवटचे दहा यांच्या सरासऱ्याही वेगवेगळ्या काढा. कोण अनुभवाने हात सैल सोडतो आणि कोण एका फटक्याने गप्प होतो, ते त्यातूनच कळतं.

अर्थ लावताना. बहुतेक माणसं ६४ च्या बरीच अलीकडे थांबतात, त्यामुळे २८ पाहून कुणाला ‘भित्रा’ ठरवू नका. इथे जास्त दाबणं बऱ्याचदा फायद्याचंच असतं. आकडे गटागटांच्या तुलनेला वापरा. एका माणसाला त्याचा आकडा दाखवून ‘धंद्यात पडू नकोस’ असा सल्ला देणं या चाचणीच्या आवाक्याबाहेरचं आहे. फाईलवर नावाऐवजी सांकेतिक क्रमांक घाला आणि पैसे उठायच्या आधी हातावर ठेवा. ‘नंतर यूपीआय करतो’ म्हटलं की पुढचे सहभागी मिळत नाहीत.