युद्धाच्या ठरावावर मत देण्याआधी गुप्तचर अहवाल कसा तपासावा

युद्धाची मंजुरी मागणारा ठराव सभागृहात येतो तेव्हा पुरावा कुठेतरी कच्चा असतोच. तो नेमका कुठे कच्चा आहे आणि तेवढ्यावर सरकारला किती अधिकार द्यायचा, हे लोकप्रतिनिधीने ठरवायचं असतं. इराककडे संहारक शस्त्रं आहेत या दाव्यावर ऑक्टोबर 2002 मध्ये मंजूर झालेल्या अमेरिकी ठरावात काय चुकलं याची बरीच कागदपत्रं आता उघड झाली आहेत, म्हणून इथे मुख्यतः तेच उदाहरण घेतलं आहे.

आधी मूळ अहवाल मागवा आणि स्वतः, पूर्ण वाचा. इराकच्या शस्त्रांवरचा गोपनीय अहवाल सुमारे 90 पानांचा होता. तीन आठवड्यांच्या आत, घाईघाईने तयार होऊन तो 1 ऑक्टोबरला संसदेकडे आला. प्रतिनिधिगृहाने 10 तारखेला 296 विरुद्ध 133 आणि सिनेटने मध्यरात्र उलटल्यावर 77 विरुद्ध 23 मतांनी ठराव मंजूर केला. अहवाल सुरक्षित खोलीत बसूनच वाचावा लागे, आणि तिथे जाऊन तो पूर्ण वाचणारे सदस्य मोजकेच निघाले. बाकीच्यांनी सारांशावर भागवलं, किंवा 4 ऑक्टोबरला जनतेसाठी काढलेल्या छोट्या पुस्तिकेवर. गोपनीय प्रतीत ‘आमचा अंदाज आहे’ अशी सुरुवात असलेली वाक्यं पुस्तिकेत ठाम विधानं होऊन आली. म्हणून दोन्ही प्रती शेजारी ठेवा आणि ‘अंदाज’, ‘बहुधा’, ‘शक्यता’ हे शब्द जिथे जिथे गळलेत तिथे खूण करा. जाहीर भाषणांत सगळ्यात जोरात मांडलेले दावे बऱ्याचदा याच खुणांवर सापडतात.

मग मतभेद शोधा. ते तळटिपांत किंवा चौकटीत असतात, सारांशात त्यांची एखादी ओळ उरते. इराक मोठ्या संख्येने मागवत असलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या अणुबॉम्बसाठी युरेनियम समृद्ध करणाऱ्या सेंट्रिफ्यूज नावाच्या वेगाने फिरणाऱ्या यंत्रांसाठी आहेत, असं सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेचं म्हणणं होतं. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याला ते पटलं नव्हतं. नळ्यांचा व्यास 81 मिलिमीटर, आणि इराकी तोफखान्याच्या रॉकेटचाही तेवढाच. अमेरिकेत सेंट्रिफ्यूजची खरी जाण याच खात्याच्या प्रयोगशाळांकडे होती, तरी त्या खात्याचं मत इतरांइतकंच एक मत म्हणून मोजलं गेलं. अशा वेळी बाजूने किती यंत्रणा आहेत हे मोजत बसू नका. त्या विषयात हात कोणाचा बसलेला आहे ते विचारा.

तिसरी तपासणी खबरीच्या मुळाची, आणि ती सगळ्यात किचकट. फिरत्या जैविक प्रयोगशाळांचा दावा मुख्यतः ‘कर्व्हबॉल’ या सांकेतिक नावाच्या एका इराकी माणसावर उभा होता. तो जर्मन गुप्तचरांच्या ताब्यात होता आणि अमेरिकी यंत्रणांना त्याची थेट जबानी घेता आली नव्हती. पण त्याच्या एकट्याच्या सांगण्यावरून शंभराच्या आसपास अहवाल तयार झाले. कागदांची थप्पी पाहिली की दुजोरा भरपूर आहे असं वाटतं, ही फसगत नेहमीची आहे. प्रत्येक दाव्यापुढे चार गोष्टी लिहून घ्या: खबर देणारे मुळात किती जण, त्यांना प्रत्यक्ष कोण भेटलं, खोटं बोलून त्यांना काय मिळणार होतं, आणि माहिती कोणत्या वर्षाची. संयुक्त राष्ट्रांच्या शस्त्र-निरीक्षकांनी डिसेंबर 1998 मध्ये इराक सोडला होता. त्यानंतरची पाहणी नव्हतीच.

पहिल्या बातमीनंतर आलेले संदेशही मागा. व्हिएतनामजवळच्या टोंकिनच्या आखातात 4 ऑगस्ट 1964 ला अमेरिकी जहाजांवर उत्तर व्हिएतनामने दुसरा हल्ला केल्याचं सांगितलं गेलं. तिथल्या जहाजांचे प्रमुख कॅप्टन हेरिक यांनी त्याच दिवशी तारेने कळवलं होतं की बरेच संकेत संशयास्पद वाटतात, पुढचं पाऊल टाकण्याआधी पूर्ण तपासणी करा. तीन दिवसांनी सिनेटने 88 विरुद्ध 2 मतांनी तिथे बळ वापरण्याची परवानगी देणारा ठराव मंजूर केला.

इतकं करूनही शंका उरते, आणि तिला ठरावाच्या मसुद्यात जागा द्यावी लागते. 2002 च्या ठरावात बळाचा वापर ‘आवश्यक आणि योग्य’ आहे का हे ठरवणं राष्ट्राध्यक्षांवरच सोडलं होतं. वर्षाची मुदत घालणारी सिनेटर बर्ड यांची दुरुस्ती 31 विरुद्ध 66, आणि आधी संयुक्त राष्ट्रांची मंजुरी मागणारी सिनेटर लेव्हिन यांची दुरुस्ती 24 विरुद्ध 75 मतांनी पडली. निरीक्षकांनी 27 नोव्हेंबरला इराकमध्ये पुन्हा पाहणी सुरू केली. नळ्या सेंट्रिफ्यूजसाठी असण्याची शक्यता कमी आहे आणि इराकने नायजर या आफ्रिकी देशाकडून युरेनियम घेण्याचा प्रयत्न केल्याची कागदपत्रं खरी नाहीत, हे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने 7 मार्च 2003 ला सुरक्षा परिषदेत सांगितलं. पण संसदेची परवानगी हातात होती आणि पुन्हा मत घेण्याची अट कुठेच नव्हती. दोन आठवड्यांच्या आत युद्ध सुरू झालं.

तेव्हा मसुद्यात तीन गोष्टी नावानिशी लिहून घ्या: देश आणि उद्देश, परवानगी संपण्याची तारीख, आणि निरीक्षकांचा अहवाल आल्यावर दुसरं मतदान. दर 60 दिवसांनी अहवाल देण्याची अट त्या ठरावातही होती; तेवढ्यावर समाधान मानू नका, कारण अहवाल दिल्याने परवानगी परत घेता येत नाही. या तिन्हींना सरकार नकार देत असेल, किंवा मूळ अहवाल वाचायला वेळच देत नसेल, तर विरोधात मत द्या आणि कोणता दावा का पटला नाही हे सभागृहाच्या नोंदीत लिहून ठेवा.