करिंथची एका दिवसाची सहल : या चुका टाळा

करिंथ हे नाव मी लहानपणापासून ऐकत आलोय. मंडळीत कुणाचंही लग्न असलं की शास्त्रपाठ ठरलेला असायचा : बायबलमधलं प्रेषित पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय तेरावा. त्यामुळे आई-बाबांना घेऊन अथेन्सला गेलो तेव्हा पहिली खासगी गाडी ठरवली ती करिंथसाठीच. गाडी वेळेवर आली, ड्रायव्हर सज्जन होता, हवाही छान होती. तरीही संध्याकाळी हॉटेलवर परतताना आईचा चेहरा उतरलेला होता. सहल फसली होती, आणि ती आरक्षणाच्या दिवशीच फसली होती. दोन वर्षांनी मावशी-काकांना घेऊन पुन्हा गेलो, तेव्हा मात्र दिवस मनासारखा गेला. दोन्ही वेळचं मिळून जे कळलं ते इथे सांगतो.

गाडी ठरवली, गाइड ठरवला नाही

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. ‘प्रायव्हेट टूर’ हे शब्द वाचून आपण धरून चालतो की गाडीतला माणूस आत येऊन सगळं दाखवेल. ग्रीसमध्ये पुरातत्त्व स्थळांच्या आवारात माहिती देण्याचा अधिकार फक्त सरकारी परवाना असलेल्या गाइडला आहे. ड्रायव्हर वाटेत चार गोष्टी सांगतो, पण फाटकापाशी थांबतो. आमच्या ड्रायव्हरनेही तेच केलं. ‘इथून पुढे मला येता येत नाही, दीड तासाने भेटू,’ म्हणाला.

आत गेलो तर समोर दगडच दगड. आईच्या हातात काळ्या कव्हरचं पवित्र शास्त्र, प्रेषितांची कृत्ये अध्याय अठराजवळ बोट घालून ठेवलेलं. तिने विचारलं, ‘पौल नेमका कुठे उभा होता रे?’ मी अंदाजाने एका दगडी गाळ्यांच्या ओळीकडे हात केला. तिथे उभं राहून आम्ही फोटो काढले, आईने अध्याय वाचला, डोळे पुसले. रात्री फोटो नीट पाहिले तेव्हा कळलं, ते चौकातल्या रोमन दुकानांचे गाळे होते. पौलाला ज्याच्यापुढे उभं केलं ते खरं न्यायासन त्याच ओळीच्या मध्यावर, काही पावलांवर होतं. ही चुटपुट अजून गेलेली नाही.

म्हणून पैसे भरण्याआधी दोनच प्रश्न लेखी विचारा : परवानाधारक गाइड आवारात आमच्याबरोबर येणार आहे का, आणि त्याचे पैसे या रकमेत धरले आहेत का? उत्तर गोलमोल आलं तर ‘नाही’ समजा. दिवसभराचा गाइड परवडत नसेल तर फक्त करिंथच्या आवारापुरता, दोन-तीन तासांसाठी मिळतो का ते विचारा. दुसऱ्या खेपेला आम्ही तेच केलं.

आणि गाइडशिवाय पोहोचलातच, तर असं करा. अपोलोच्या मंदिरापाशी जा. सात उभे खांब लांबूनच दिसतात, चुकायची शक्यता नाही. मंदिराकडे पाठ करून दक्षिणेकडे तोंड करा. समोर डोंगर दिसेल, तो अक्रोकरिंथ. डोंगर आणि तुम्ही यांच्यामध्ये जो मोठा मोकळा चौक पसरलाय तो रोमन फोरम. त्या चौकात थोडं डावीकडे, दोन्ही बाजूंच्या गाळ्यांच्या मधोमध जो उंच दगडी चौथरा आहे तोच बेमा, म्हणजे आपल्या शास्त्रातलं न्यायासन. चौथऱ्याच्या खाली, चौकाच्या अंगाला उभे राहा. डोंगर चौथऱ्याच्या मागे आला की तुम्ही बरोबर जागी आहात.

तिथे काय झालं, हे न वाचता जाणं

‘पौलाला इथे शिक्षा झाली’ असं सांगणारे मला त्या चौकातच भेटले, आपल्याकडचेही. तसं झालं नव्हतं. अखया या रोमन प्रांताचा सुभेदार गल्लियो हा तत्त्वज्ञ सेनेकाचा भाऊ. त्याच्यापुढे यहुद्यांनी पौलाला आणलं, पण पौल तोंड उघडणार तोच गल्लियोने फिर्याद काढून टाकली. हा तुमच्या धर्मशास्त्राचा वाद आहे, तुमचं तुम्ही पाहा, असं त्याचं म्हणणं. मार खाल्ला तो सभास्थानाचा अधिकारी सोस्थनेस याने. अध्याय अठरा, पहिली अठरा वचनं. वाचायला पाच मिनिटं लागतात. ती आदल्या रात्री वाचून जा आणि बेमासमोर पुन्हा वाचा.

गल्लियोचं नाव डेल्फीला सापडलेल्या शिलालेखातही आहे. तो सम्राट क्लॉदियसच्या पत्राचा शिलालेख आहे, आणि त्यावरून गल्लियोची कारकीर्द इ. स. ५१-५२च्या सुमाराची ठरते. पौलाच्या आयुष्यातल्या बाकी तारखा पुढे-मागे मोजायला हाच खुंटा. मला हे दुसऱ्या खेपेच्या गाइडबाईंकडून कळलं, आणि तेव्हापासून तो चौथरा माझ्यासाठी नुसता दगड राहिला नाही.

सगळंच ‘प्राचीन ग्रीक’ समजणं

करिंथला येणारा माणूस ग्रीक अवशेष बघायला येतो आणि बहुतांश रोमन अवशेष बघून जातो, तेही न कळता. कारण सोपं आहे. इ. स. पू. १४६मध्ये रोमन सेनापती मुम्मियसने जुनं करिंथ उद्ध्वस्त केलं. शंभरएक वर्षं ते जवळजवळ ओसाड होतं. इ. स. पू. ४४मध्ये ज्युलियस सीझरने तिथे रोमन वसाहत उभी करायची आज्ञा दिली. पौल साधारण इ. स. ५०-५१च्या सुमारास आला आणि दीड वर्ष राहिला, तो या नव्या रोमन शहरात. सुटलेले गुलाम, व्यापारी, खलाशी, रोमहून हाकललेले यहुदी, असं सगळं बाहेरून आलेल्या माणसांचं गाव होतं ते. तंबू शिवणारे अक्विला आणि प्रिस्किल्ला त्यांतलेच.

अपोलोचं मंदिर मात्र त्या आधीचं, इ. स. पू. सहाव्या शतकाच्या मध्याचं. मूळ खांब अडतीस होते, आज सात उभे आहेत. त्यांना हात लावू देत नाहीत, पण जवळ जाऊन पाहा : बाकी मंदिरांत खांब चकत्यांवर चकत्या रचून केलेले असतात, इथला प्रत्येक खांब एकाच दगडाचा आहे. पौल त्या वाटेने गेला तेव्हाही हे मंदिर सहाशे वर्षांचं जुनं होतं. आपल्यासाठी पौल जुना, पौलासाठी हे खांब जुने. गाइडबाईंनी एवढं सांगितलं आणि काका बराच वेळ तिथून हलले नाहीत.

आणखी एक गोष्ट मावशी-काकांपुढे सांगायला गाइड बिचकतात, पण इंटरनेटवर भरभरून मिळते : अक्रोकरिंथवरच्या प्रेमदेवता आफ्रोदितीच्या मंदिरातल्या हजार देवदासी. हे विधान प्राचीन ग्रीक भूगोलकार स्त्राबोचं, आणि तेही मुम्मियसने पाडलेल्या जुन्या शहराबद्दलचं. आजचे बरेच अभ्यासक त्याबद्दलही साशंक आहेत. पौलाच्या काळातल्या करिंथवर ते चिकटवू नका.

संग्रहालय शेवटी ठेवणं

पाय थकलेले, ऊन चढलेलं, आणि मग संग्रहालयातून दहा मिनिटांत बाहेर. आम्ही पहिल्या वेळी असंच केलं. ते आवारातच आहे. तिथूनच सुरुवात करा. रोग बरे करणारा देव अस्क्लेपियस, त्याच्या मंदिरात लोकांनी नवस फेडायला वाहिलेले भाजलेल्या मातीचे हात, पाय, कान इथे सापडले आहेत. वांद्र्याच्या मोत माऊलीला मेणाचे हातपाय वाहताना ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं काही समजवावं लागत नाही. ‘इब्र्यांचं सभास्थान’ असा ग्रीक लेख असलेला दगडही करिंथचाच. पण पौल ज्या सभास्थानात बोलला तेच हे, असं कुणी ठामपणे सांगितलं तर मान डोलावू नका. लेख पौलानंतर बऱ्याच काळाने कोरलेला मानतात.

एरास्ताचा दगड राहून जाणं

तिकिटाच्या आवारातून बाहेर पडलं की लोक थेट गाडीत बसतात. जुन्या नाट्यगृहाजवळ, मुख्य आवाराच्या बाहेर, फरसबंदीत एक लॅटिन लेख आहे. अर्थ असा : एरास्ताने नगराधिकारी झाल्याबद्दल ही फरसबंदी स्वखर्चाने केली. रोमकरांस पत्राच्या शेवटी पौल ज्या एरास्ताचा नगराचा खजिनदार म्हणून सलाम कळवतो तोच हा का, यावर अभ्यासकांत वाद आहे. असेल किंवा नसेल. पण ते पत्र करिंथहूनच लिहिलं गेलं असं सर्वसाधारण मत आहे आणि हा दगड करिंथमध्ये त्याच जागी पडून आहे. अक्षरं वीतभर उंच, कधी काळी त्यांत कांस्य भरलेलं होतं. आता फक्त खाचा उरल्यात. सकाळच्या तिरप्या उन्हात त्या खाचांत सावली साचते आणि नाव वाचता येतं. भर दुपारी तोच दगड कोरा वाटतो. जवळ जायची वाट बंद असेल तर कुंपणाबाहेरूनच पाहावं लागतं, म्हणून गाइडला आधीच सांगून ठेवा.

एका दिवसात चार नावं

यादीत करिंथ, मायसीनी, एपिदाव्रोस, नाफ्लिओ अशी चार नावं दिसली की पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात. प्रत्यक्षात प्रत्येक ठिकाणी पाऊण तास मिळतो. श्रद्धेसाठी जात असाल तर करिंथ, त्याचं जुनं बंदर किंख्रिया आणि करिंथचा कालवा एवढ्यात दिवस भरतो. इतिहासाची ओढ जास्त असेल तर फार तर मायसीनी जोडा, कारण ते करिंथपासून दक्षिणेला चाळीसएक किलोमीटरवर आहे.

डेल्फी त्याच दिवशी नको. अथेन्सपासून ते सुमारे १८० किलोमीटरवर, वेगळ्याच दिशेला आहे. फिलिप्पै आणि थेस्सलनीका तर पार उत्तरेला. शास्त्रात ही नावं पानापानावर शेजारी येतात म्हणून ती जमिनीवरही शेजारी आहेत असं वाटतं. पौलाला ही वाट चालायला किती दिवस लागले असतील, याचा विचार केला तरी पुरे. फिलिप्पै बघायचंच असेल तर थेस्सलोनिकीला, म्हणजे शास्त्रातल्या थेस्सलनीकाला, मुक्काम करा.

नकाशात नुसतं ‘करिंथ’ टाकणं

स्वतः गाडी चालवणाऱ्यांची चूक. १८५८च्या भूकंपानंतर लोकांनी किनाऱ्याला नवं शहर वसवलं, आज नकाशात ‘कोरिंथोस’ म्हणून दिसतं ते हेच. अवशेष तिथून काही किलोमीटर आत, ‘आर्खेआ कोरिंथोस’ या गावात आहेत. आर्खेआ म्हणजे प्राचीन. हा शब्द घालूनच शोधा. चुकून नव्या शहरात पोहोचलात तरी घाबरू नका, गाडीने फार वेळ लागत नाही.

कालव्याचंही तसंच. हमरस्ता त्याच्यावरून इतक्या वेगात जातो की कळतही नाही. जुन्या पुलावर चालत जाऊन खाली बघायचं असेल तर इस्थमोसच्या फाट्याला बाहेर पडायला ड्रायव्हरला सांगावं लागतं. सम्राट नीरोने इ. स. ६७च्या सुमारास खणायला घेतलेला हा कालवा पुरा झाला १८९३मध्ये. लांबी सहा किलोमीटरच्या थोडी वर. जहाज दिसलं तर नशीब, त्यासाठी ताटकळू नका. वीस मिनिटं पुरतात.

ऊन, वार आणि गुडघे

जून ते ऑगस्टमध्ये अथेन्सहून सकाळी सातला निघा. दीड तासाच्या आत पोहोचता येतं. करिंथच्या चौकात सावली नावाला आहे. हिवाळ्यात उलट अडचण : बरीचशी स्थळं दुपारी साडेतीनच्या आसपास बंद होतात, त्यामुळे उशिरा निघालात तर हाती काही लागत नाही. १ जानेवारी, २५ मार्च, १ मे, २५ आणि २६ डिसेंबर आणि ऑर्थोडॉक्स ईस्टरचा रविवार, या दिवशी सरकारी स्थळं बंद असतात. हा ईस्टर आपल्या ईस्टरच्या दिवशीच येतो असं नाही. २०२७मध्ये आपला २८ मार्चला आहे, त्यांचा २ मे रोजी. ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात जायचं ठरवणाऱ्यांनी दोन्ही तारखा बघूनच विमानाची तिकिटं काढावीत.

अक्रोकरिंथ ५७५ मीटर उंच आहे. गाडी किल्ल्याच्या फाटकाखालपर्यंत जाते, पुढे गुळगुळीत झालेल्या दगडांची चढण. आपल्या गडांवर जाणाऱ्याला ती अवघड नाही, पण सत्तरीच्या माणसाला उतरताना त्रास होतो. बाबा पहिल्या दरवाजापर्यंत आले आणि तिथेच बसले. तेवढं केलंत तरी खाली समुद्र दिसतो आणि हे शहर इथेच का वसलं ते डोळ्यांनी कळतं.

जेवणाचं एकच सांगतो. शाकाहारी असाल तर ‘निस्तीसिमो’ म्हणजे उपवासाचं मागा असा सल्ला मिळतो. त्यात मांस, दूध, अंडं नसतं, पण कालवं आणि ऑक्टोपस चालतात. त्यामुळे तेवढ्यावर विसंबू नका. भरलेल्या टोमॅटो-मिरच्यांत खिमा आहे का तेही विचारा. फसोलादा, म्हणजे पांढऱ्या घेवड्याचं सार, बहुतेक ठिकाणी निर्धोक.

किंख्रिया गाळणं

वेळ कमी पडला की ड्रायव्हर पहिल्यांदा हेच गाळायला सुचवतो, कारण तिथे मोठं फाटक नाही, खांब नाहीत, फोटोत भरण्यासारखं फारसं काही नाही. गाळायचंच असेल तर कालवा गाळा. किंख्रिया हे करिंथचं पूर्वेकडचं बंदर. पौलाने नवस फेडायला इथे केस कापले आणि इथूनच तो जहाजात बसला. रोमकरांस पत्र ज्या फिबीची शिफारस करतं ती इथल्या मंडळीची सेविका, आणि ते पत्र रोमला तिनेच नेलं असं पुष्कळ जण मानतात.

एक टॉवेल आणि पाण्यात चालणाऱ्या चपला बरोबर घ्या. जमीन खचल्यामुळे बंदराच्या भिंती आज पाण्याखाली आहेत. संध्याकाळी पाणी शांत असतं तेव्हा गुडघाभर पाण्यातून त्यांच्या कडेने चालता येतं. मावशीने साडी खोचली, काकांचा हात धरला आणि त्या भिंतीच्या टोकापर्यंत गेली. मग तिथे उभी राहून तिने रोमकरांसचा सोळावा अध्याय काढायला सांगितला. शास्त्र गाडीत राहिलं होतं. ड्रायव्हर धावत गेला आणि घेऊन आला.