घरासाठी पिस्तूल घेताय? या चुका टाळा

गोव्यातल्या सत्तरी, डिचोली, फोंडा भागात बंदूक ही काही नवलाची गोष्ट नाही. रानडुकरं आणि माकडं बागायतीची नासधूस करतात, म्हणून शेतीरक्षणाचा परवाना कित्येक घरांत वडिलोपार्जित आहे. हल्ली मात्र वेगळ्याच कारणासाठी विचारणा होते. मुलं बाहेरगावी, घर मोठं, राहणारी माणसं दोन आणि दोघंही साठीच्या पुढची. शेजारच्या वाड्यावर घरफोडी झाली की विषय निघतो, "एखादं पिस्तूल घेऊन ठेवूया का?"

घ्यायला हरकत नाही. पण त्याआधी मागच्या दाराची कडी, खिडक्यांचे गज, अंगणातला दिवा आणि कुत्रा यांचा बंदोबस्त झालेला हवा. चोर घरात शिरल्यावर पिस्तूल कामाला येतं. बाकी सगळं तो शिरू नये म्हणून असतं, आणि खर्चही त्यालाच कमी येतो.

चूक: आधी मॉडेल, मग लायसन

अमेरिकेतले व्हिडिओ पाहून लोक ९ एमएमचं पिस्तूल ठरवून मोकळे होतात. आपल्याकडे ९ एमएम आणि .३८ ही प्रतिबंधित बोअरची (नळीच्या मापाची) शस्त्रं. सामान्य घरमालकाच्या वाट्याला येतं ते .३२ किंवा .२२. जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज, पोलिस चौकशी, वैद्यकीय दाखला, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला, हे सगळं पार पडल्यावरच दुकानाची पायरी चढायची. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, पूर्वी तीन चालायची. आजोबांची बारा बोअरची बंदूक वारसाने तुमच्या नावावर आली असेल तर तीही या दोनांत धरली जाते.

याहून मोठी चूक म्हणजे लायसन चुकीच्या माणसाच्या नावावर काढणं. नवरा बोटीवर, महिनोन्‌महिने बाहेर. घरात एकटी असते ती बायको, आणि लायसन नवऱ्याच्या नावावर! परवाना माणसाला मिळतो, घराला नाही. नवरा नसताना तिने ते वापरलं तर कायद्याच्या लेखी ते विनापरवाना शस्त्र. रात्री घरात जो असतो त्याने अर्ज करावा, प्रशिक्षण घ्यावं आणि शस्त्रही त्यानेच निवडावं.

लहान म्हणजे सोपं, हा समज

२०१४ मध्ये कानपूरच्या शस्त्र कारखान्याने 'निर्भीक' हे .३२ रिव्हॉल्वर (फिरत्या चक्रात काडतुसं भरायचं शस्त्र) खास महिलांसाठी म्हणून आणलं. वजन सुमारे ५०० ग्रॅम. हातात घेतलं की बरं वाटतं, पण हलक्या शस्त्राचा धक्का जास्त बसतो आणि आखूड नळीवर नेम साधणं अवघड जातं. पर्समध्ये बाळगायला कमी वजन उपयोगी पडतं. घरात ठेवायचं असेल तर थोडं जड शस्त्र हाताला जास्त मानवतं. २०२३ मध्ये आलेलं 'प्रबळ' याच बोअरचं आहे, जरा जड, आणि त्याचं चक्र बाजूला उघडतं. निर्भीक मधून मोडून उघडतं. दोन्ही पद्धती स्वतः करून पाहा.

दुकानात फक्त वजन बघून परत येऊ नका. शस्त्र रिकामं असल्याची खात्री दुकानदाराने करावी, तुम्हीही स्वतः करावी. मग त्याच्या परवानगीने, आत डमी (दारू नसलेली) काडतुसं घालून, नळी सुरक्षित दिशेला ठेवा आणि घोडा आधी न चढवता नुसता चाप ओढा. बोटाचं पेर चापावर नीट बसतं का? ओढताना नेम धरायची पुढची माशी थरथरते का? दहाव्या ओढीला बोट दमलं का? संधिवाताच्या हाताला हा चाप जड जातो. तशा हाताला पिस्तुलाची स्लाइड (नळीवरचा सरकता भाग) मागे खेचणं तर त्याहून कठीण. म्हणून पहिल्यांदा घेणाऱ्याने रिव्हॉल्वरच घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा चाप ओढला की पुढचं समोर येतं. पिस्तुलात अडकलेलं काडतूस काढायला सवय लागते, आणि घाबरलेल्या माणसाला ते सुचत नाही. सरावात मात्र बार उडाला नाही तर लगेच उघडू नका. नळी लक्ष्याकडे धरून अर्धा मिनिट थांबा, कधीकधी बार उशिराही उडतो.

.३२ म्हटलं की सगळी सारखीच?

नाही. रिव्हॉल्वरचं .३२ स्मिथ अँड वेसन लाँग आणि 'अशनी' पिस्तुलाचं .३२ एसीपी तळहातावर शेजारी ठेवून बघा. पहिल्याचं पितळी कवच साधारण २३ मिलिमीटर लांब आणि बुडाला ठळक कडा असलेलं. दुसऱ्याचं १७ मिलिमीटर, कडा जेमतेम जाणवणारी. नुसतं ".३२ द्या" म्हणू नका. पाकिटावरचं पूर्ण नाव आणि शस्त्रावरचा छाप जुळवून घ्या.

चूक: अंधारात आधी बार, मग ओळख

जत्रेचे दिवस आठवा. देवळापुढे रात्रभर नाटक चालतं, घरची मुलं पहाटे तीन-चारला मागच्या दाराने येतात. चवथीला तर सगळा गोतावळा घरात, कोण कुठे निजलंय याचा पत्ता नसतो. म्हणून शस्त्राशेजारी स्वतंत्र बॅटरी हवीच. आधी उजेड, मग "कोण रे?" अशी खणखणीत हाक, आणि ११२ ला फोन. माणूस ओळखल्याशिवाय बोट चापावर जाताच कामा नये. जुन्या घराच्या जाड चिऱ्याच्या भिंती गोळी थोपवतील, पण प्लायवूडचं पार्टिशन थोपवणार नाही. दारांमागे कोण झोपतं ते दिवसाउजेडी घरातून फिरून पाहून ठेवा.

उशीखाली तर मुळीच ठेवू नका. भिंतीला बोल्टने पक्की केलेली छोटी तिजोरी घ्या आणि किल्ली मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा.

पावसाळा

गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. जूनमध्ये कपाटातल्या चपलांना बुरशी येते तिथे लोखंडाचं काय होईल? सगळ्यात नुकसान होतं ते चामड्याच्या म्यानातच शस्त्र ठेवल्याने. चामडं ओल धरतं आणि चिकटलेल्या जागी गंजाचे ठिपके येतात. म्यान वेगळं ठेवा. तिजोरीत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि त्या बदलत राहा. पावसाळ्यात दर आठवड्याला शस्त्र रिकामं करून तेलाच्या फडक्याने पुसा. तेल थेंबभर पुरतं. ते चक्रात ओघळलं तर काडतुसाच्या बुडाच्या टोपीत मुरतं, आणि मग नेमक्या वेळी नुसता 'टक' आवाज येतो. कवचावर हिरवट थर दिसला की ते काडतूस बाजूला काढा आणि विक्रेत्याला दाखवा.

कायदा आणि निवडणूक

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षणाचा हक्क कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. संरक्षणासाठी लागेल त्याहून जास्त इजा करायची मुभा त्यात नाही. नारळ चोरून गडग्यावरून पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातली तर ते स्वसंरक्षण ठरत नाही. लग्नात हवेत बार काढला आणि त्यात कुणाच्या जिवाला धोका झाला, तर २ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. सरावही कुळागरात (बागायतीत) नको, रेंजवरच करा.

आचारसंहिता लागली की शस्त्र पोलिस ठाण्यात जमा करण्याचा आदेश निघतो, आणि ते काही आठवडे तिथेच राहतं. जमा करताना नंबर लिहिलेली पावती घ्या. परत आणल्यावर नंबर लायसनशी ताडून पाहा, चक्र उघडून नळीत गंज धरलाय का बघा आणि त्याच दिवशी पुसून तिजोरीत ठेवा.