पुढच्या गाडीच्याही पुढे बघा

पाच वर्षांपूर्वी सासूबाईंच्या कमरेचं ऑपरेशन झालं आणि त्यांना घरी आणायला मी गाडी घेऊन गेले. तोवर चौदा वर्षं मी रोज गाडी चालवत होते. कधी कुठे धडकले नव्हते, त्यामुळे आपल्याला गाडी चांगली येते असंच धरून चालले होते. सासूबाई शेजारच्या सीटवर बसल्या आणि दाराच्या वरची कडी त्यांनी घट्ट धरली. मी ब्रेक दाबला की त्यांची बोटं आवळली जायची. पूर्ण रस्ता त्या एक शब्द बोलल्या नाहीत. त्या अर्ध्या तासात मला कळलं की मी सारखे ब्रेक मारते, आणि त्यातले निम्मे मारायची वेळच यायला नको होती.

नंतर दर आठवड्याला त्यांना तपासणीला न्यायचं होतं. त्या फेऱ्यांमध्ये मी गाडी चालवायला नव्याने शिकले. लायसन्स आहे, रोजचा रस्ता पाठ आहे, पण चुकतंय काय हे सांगणारं शेजारी कुणी नाही, अशा सगळ्यांसाठी हे लिहितेय.

माझी पहिली चूक नजरेची होती. मी पुढच्या गाडीचा बंपर बघत चालवायचे. त्याचे दिवे लागले की माझा पाय ब्रेकवर. म्हणजे माझी गाडी मी चालवत नव्हते, पुढचा चालवत होता. नजर किती लांब हवी? साधारण बारा सेकंदांनी आपण जिथे पोहोचणार, तिथपर्यंत. ताशी ६० किलोमीटरला गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते, म्हणजे बारा सेकंदांत दोनशे मीटर. पुढच्या गाडीच्या काचांमधून आरपार पाहिलं तर तिच्या पुढच्या, कधी कधी त्याच्याही पुढच्या गाडीचे ब्रेकचे दिवे दिसतात. ते लागले की अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा, बस. बहुतेक वेळा ब्रेकला हात, म्हणजे पाय, लावावाच लागत नाही.

नजर अशी लांब टाकली की बारीक गोष्टी आधी कळायला लागतात. रस्त्याकडेला उभ्या गाडीची पुढची चाकं आपल्याकडे वळलेली असतील तर ती निघणार आहे. उभ्या टेम्पोखालून कुणाचे पाय दिसले तर तो माणूस दोन पावलांत समोर येणार आहे. बराच वेळ हिरवा असलेला सिग्नल आपण पोहोचेपर्यंत हिरवा राहील, असं धरू नये.

पण लांब बघ म्हटलं म्हणून नजर लांब राहत नाही, दोन मिनिटांत ती परत बंपरवर येते. मला उपयोग झाला तो मोठ्याने बोलत चालवण्याचा. ब्रिटनमध्ये पोलिसांच्या ड्रायव्हिंग प्रशिक्षणात हे करून घेतात. जपानमधले रेल्वेचालकही सिग्नलकडे बोट करून तो तोंडाने उच्चारतात. एकट्या असताना रोज दहा मिनिटं मी बोलते: "पुढे डावीकडून गल्ली येतेय. सायकलवाला मागे बघतोय, वळेल. आरशात लाल गाडी जवळ आलीय. तिसऱ्या गाडीने ब्रेक लावला, पाय काढते." पहिले तीन-चार दिवस तोंड मागे पडतं, गोष्ट होऊन गेल्यावर आपण बोलतो. आठवड्याभरात बोलणं गाडीच्या पुढे धावायला लागतं. सगळ्यांत जास्त फरक मला याच सरावाने पडला. बाकी काही केलं नाही तरी एवढं कराच.

नजर लांब टाकायची तर पुढे मोकळी जागाही हवी. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की "एक हजार एक, एक हजार दोन" म्हणा. ते म्हणून व्हायच्या आत आपण त्या खांबाशी पोहोचलो तर आपण फार चिकटलोय. पावसात हेच अंतर चार सेकंदांचं ठेवा. दोन सेकंद कशासाठी? धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंतच एक ते दीड सेकंद जातो आणि तेवढ्या वेळात गाडी त्याच वेगाने धावत असते. पुढे ब्रेक लागल्यावरचं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं. कोरडा रस्ता आणि चांगले टायर असतील तर ताशी ५० वरून थांबायला ब्रेक लागल्यापासून साधारण १४ मीटर लागतात, १०० वरून ५५ च्या आसपास. वेग दुप्पट, अंतर चौपट. अशी मोकळी ठेवलेल्या जागेत कुणीतरी घुसतंच. घुसू द्या आणि पाय सैल करून पुन्हा दोन सेकंद मागे या. मी कितीतरी वर्षं त्या घुसणाऱ्यावर चिडून जागा बुजवत होते, आणि पोहोचायला लागणारा वेळ तेवढाच होता.

आता थांबण्याबद्दल. ब्रेक सुरुवातीला हलका, मग पुरेसा दाबायचा आणि गाडी थांबायच्या शेवटच्या मीटरभरात हळूहळू सैल करायचा. शेवटपर्यंत सारखाच दाबून धरला तर चाकं थांबताक्षणी गाडी मागे हिसका देते आणि शेजारच्याची मान पुढे जाऊन मागे येते. ती मान बघा, तुमची परीक्षा तिथे आहे. पुढे भरपूर जागा मोकळी ठेवून महिनाभर मी एवढ्या एका गोष्टीवर लक्ष दिलं. चौथ्या की पाचव्या फेरीला सासूबाईंनी कडीवरचा हात काढून मांडीवर ठेवला. तो हात मी आजही विसरलेले नाही.

त्याच वर्षी एका चौकात माझ्याकडून एक सायकलस्वार मुलगा थोडक्यात वाचला. मी दोन्हीकडे पाहिलं होतं, तरी तो मला दिसला नव्हता. समोरच्या काचेच्या कडेला जो तिरका खांब असतो, त्याच्या आड तो होता. तो पुढे येत होता आणि मीही, त्यामुळे तो त्या खांबाआडच राहिला. धडक होणार असते ती वस्तू काचेत एकाच जागी स्थिर दिसते, फक्त मोठी होत जाते. आणि आपली नजर स्थिर गोष्टींवरून सहज घसरते. शिवाय डोळे एका बाजूकडून दुसरीकडे झपकन फिरवले तर मधलं काही मेंदूपर्यंत पोहोचतच नाही. म्हणून चौकात मान फिरवून दोन-तीन ठिकाणी क्षणभर नजर थांबवायची, खांबाच्या मागचं बघायला अंग पुढे-मागे करायचं, आणि मग दुसऱ्यांदा पाहायचं. दोन सेकंद जातात. तो मुलगा आठ-नऊ वर्षांचा असेल.

बसायची पद्धत एकदा नीट करून टाका. पाठ सीटला टेकलेली असताना मनगट स्टीअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे, ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे आणि छातीपासून स्टीअरिंगच्या मध्यापर्यंत किमान २५ सेंटिमीटर अंतर हवं. एअरबॅग फार जोरात उघडते, तिला जागा लागते. डोक्यामागची उशी डोक्याच्या वरच्या टोकाइतकी उंच करा. बाहेरचे आरसे बहुतेकांचे आत वळलेले असतात आणि त्यात आपल्याच गाडीची बाजू दिसत राहते. ड्रायव्हरच्या बाजूचा आरसा लावताना डोकं खिडकीच्या काचेला टेकवा आणि गाडीची कड जेमतेम दिसेल इतका तो बाहेर वळवा. दुसऱ्या बाजूचा लावताना गाडीच्या मध्याकडे झुका. हे करूनही लेन बदलण्याआधी खांद्यावरून एकदा बघायचंच.

एबीएस, म्हणजे जोराच्या ब्रेकला चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, असलेल्या गाडीत जोराचा ब्रेक कसा लागतो हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, आणि पहिल्यांदा कळतं ते नको त्या वेळी. पाय पूर्ण ताकदीने दाबून तसाच धरायचा. पायाखाली खडखड थरथर होते, तिला घाबरून पाय उचलायचा नाही. ब्रेक दाबलेला असतानाही स्टीअरिंग वळतं, एबीएस त्यासाठीच आहे. मोकळं मैदान मिळालं तर ताशी ३० ला, मागेपुढे कुणी नसताना, दोन-तीनदा करून बघा.

रात्री समोरच्याचा अप्पर डोळ्यांवर आला तर त्याच्या दिव्यांकडे न बघता आपल्या बाजूच्या रस्त्याची कड धरा आणि वेग कमी करा. लांब उतारावर गाडी न्यूट्रल करू नका. खालचा गिअर टाकून इंजिनला गाडी अडवू द्या, नाहीतर ब्रेक तापून ऐन वेळी लागेनासे होतात. टायरची हवा गाडी धावण्याआधी, थंड असताना तपासा. एकेक टायर रस्त्याला टेकतो तो जेमतेम तळहाताएवढा.

हे सगळं एकदम करायला जाऊ नका, डोकं भरून जातं. एका आठवड्याला एकच गोष्ट घ्या, तीही रोजच्याच रस्त्यावर, म्हणजे फरक लगेच जाणवतो.

आणि गाडी उभी केल्यावर दार उघडाल ते दारापासून लांबच्या हाताने उघडा. त्यासाठी अंग वळवावं लागतं, त्याबरोबर मान मागे जाते आणि मागून येणारा सायकलवाला दिसतो. सासूबाई आता मागच्या सीटवर बसतात, आणि दार त्याही असंच उघडतात.