पावसाळा कोणाच्या खात्यावर?

सिव्हिलची पदवी घेऊन मुंबईतल्या एखाद्या कंत्राटदाराकडे प्लॅनिंग किंवा कॉन्ट्रॅक्ट्स विभागात नुकतेच लागलेल्या मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. कॉलेजात आपण बार चार्ट काढतो, क्रिटिकल पाथ (ज्या कामांना उशीर झाला की सगळ्या प्रकल्पालाच उशीर होतो, ती साखळी) शोधतो, पण जून ते सप्टेंबर हे चार महिने त्या चार्टमध्ये कसे बसवायचे हे कोणी समोर बसवून शिकवत नाही. या कामात बरीच वर्षं काढल्यावर मला एक गोष्ट पक्की कळली आहे. पावसावरून होणारे मुदतवाढीचे बहुतेक वाद एकाच प्रश्नावर येऊन थांबतात: हा पाऊस अपेक्षित होता, की अपेक्षेपलीकडचा? अपेक्षित पाऊस कंत्राटदाराच्या खात्यावर जातो, त्यापलीकडच्या पावसासाठी वेळ मागता येतो. या दोहोंमधली रेघ सही करण्याआधीच आखून घ्यावी लागते. नंतर ती प्रत्येक जण आपल्या सोयीने आखतो.

मुंबईचा पाऊस कोणाला अचानक गाठत नाही. हवामान खात्याने २०२० मध्ये सुधारलेल्या तारखांप्रमाणे मोसमी पाऊस इथे साधारण ११ जूनला येतो आणि ८ ऑक्टोबरच्या सुमाराला परत फिरतो. सांताक्रूझला एकट्या जुलैची सरासरी ८०० मिलिमीटरच्या वर आहे. हे आकडे सगळ्यांना उपलब्ध असताना ‘जुलैत पाऊस पडला म्हणून काम रखडलं’ असं पत्र लिहिलंत, तर समोरचा विचारणारच की निविदा भरताना तुम्हाला हे माहीत नव्हतं का. भारतीय करार कायद्याचं कलम ५६ इथे मदतीला येईल अशी आशाही धरू नका. ते अशक्य झालेल्या कामाबद्दल बोलतं, अवघड किंवा महाग झालेल्या कामाबद्दल नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या एनर्जी वॉचडॉग निकालात हेच पुन्हा स्पष्ट केलं आहे. रेरा या घरखरेदीदारांच्या संरक्षणाच्या कायद्याच्या कलम ६ मध्ये पूर, चक्रीवादळ वगैरे नैसर्गिक आपत्ती आहेत, दरवर्षीचा पाऊस नाही. त्यामुळे घरखरेदीदाराला ताब्याची तारीख देऊन बसलेला बिल्डरही तुमच्या पावसाच्या पत्राने विरघळत नाही.

म्हणजे सगळा भार करारातल्या शब्दांवर येतो. फिडिक या आंतरराष्ट्रीय अभियंता संघटनेच्या १९९९ च्या रेड बुक या नमुना करारात ‘असाधारण प्रतिकूल हवामान’ असेल तर मुदतवाढ आहे, पण असाधारण म्हणजे किती, ते सांगितलेलं नाही. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या अटींमध्ये पाचव्या कलमात ‘नेहमीपेक्षा वाईट हवामान’ येतं, तिथेही आकडा नाही. ब्रिटनमधला एनईसी हा नमुना करार मात्र सरळ मोजमापावर जातो: महिन्याचा एकूण पाऊस, ५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झालेले दिवस, असे आकडे घ्यायचे आणि जे सरासरी दहा वर्षांतून एकदाही घडत नाही ते घडलं, तरच मालकाने, म्हणजे काम देणाऱ्याने, भरपाई द्यायची. मला ही पद्धत सगळ्यांत न्याय्य वाटते. आपल्याकडे एनईसी क्वचितच वापरतात, पण त्यातली कल्पना विशेष अटींमध्ये घालून घ्यायला कोणी अडवत नाही. प्री-बिड मीटिंगच्या (निविदा भरण्यापूर्वीच्या बैठकीच्या) आधी प्रश्न पाठवायचे असतात, तेव्हाच लेखी विचारा: कोणत्या वेधशाळेचा आकडा धरणार, किती वर्षांची सरासरी, आणि किती मिलिमीटरच्या पुढचा दिवस बाधित मानणार?

वेधशाळेचा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच दिवशी कुलाब्याला १०० मिलिमीटरही झाला नाही. साइट अंधेरीला आणि करारात कुलाब्याचा आकडा, असं असेल तर कागदावर तुमच्याकडे पाऊस पडलेलाच नसतो. महापालिकेची स्वयंचलित पर्जन्यमापक केंद्रं आता शहरभर आहेत. त्यांतलं जवळचं केंद्र करारात नाव घालून मान्य करून घेणं जास्त शहाणपणाचं. साइटवर स्वतःचा पर्जन्यमापक लावलात तर फारच चांगलं, पण त्याची रोजची नोंद दोन्ही बाजूंनी मान्य केलेली असावी.

आता सरकारी आणि महापालिकेच्या निविदांमधली एक ओळ, जिच्यावरून नवे लोक नजर फिरवून पुढे जातात. ‘कामाचा कालावधी ९ महिने, पावसाळ्यासह’ किंवा ‘पावसाळा वगळून’. पावसाळा म्हणजे १ जून ते ३० सप्टेंबर असं धरलं आणि कार्यादेश (काम सुरू करण्याचा आदेश) १ जानेवारीचा असेल, तर पावसाळ्यासह काम ३० सप्टेंबरला संपवायचं. वगळून असेल तर जानेवारी ते मे हे पाच महिने, मग ऑक्टोबर ते जानेवारी हे चार, म्हणजे पुढच्या वर्षीची ३१ जानेवारी. फरक चार महिन्यांचा, आणि दंडाची रक्कम त्याच तारखेवरून मोजली जाणार. मात्र ‘वगळून’ वाचून फार खूश होऊ नका. त्या चार महिन्यांत बॅरिकेड, पंप, वॉचमन, विमा, खोदलेल्या कडांची देखभाल हे सगळं चालूच असतं आणि त्याचे पैसे वेगळे मिळतील असं कुठेही लिहिलेलं नसतं. दर भरतानाच ते धरा. शिवाय पावसाळ्याच्या तारखा निविदेत लिहिल्या आहेत का ते पाहा. २०२५ मध्ये मोसमी पाऊस मुंबईत २६ मे रोजीच दाखल झाला. ज्यांनी ३१ मेपर्यंतचा प्रत्येक दिवस धरून वेळापत्रक आखलेलं होतं, त्यांचे ते शेवटचे दिवस गेले आणि करारातला पावसाळा तर अजून सुरूच झालेला नव्हता. रस्त्याच्या कामांत हे फार जाणवतं, कारण पावसाळ्यात महापालिका नवं खोदकाम करू देत नाही. मेअखेर जो पट्टा राहिला तो ऑक्टोबरवर गेला.

सगळ्यांत जास्त वेळ मी आता सांगते त्या गोष्टीवर घालवा, कारण पैसा इथेच सुटतो किंवा बुडतो.

समजा प्रभादेवीत पुनर्विकासाचं काम आहे, खाली दोन तळघरं. मुंबईत अशा कामाचं वेळापत्रक एका वाक्यात सांगता येतं: जूनच्या आत जमिनीच्या वर या. त्याप्रमाणे शोअर पायलिंग (खड्ड्याच्या कडा धरून ठेवणारे खांब) डिसेंबर-जानेवारीत, खोदकाम फेब्रुवारी ते एप्रिल, राफ्ट (तळाचा काँक्रीटचा सलग पाया) मे महिन्यात, असं तुम्ही आखलं. पण शेवटचे दोन भाडेकरू घर सोडेनात आणि मालकाने जागा सहा आठवडे उशिरा दिली. खोदकामाचा तळाचा भाग आणि राफ्ट आता जूनमध्ये गेला. रॅम्पवर चिखल झाला की डंपर चढत नाहीत. माती टाकायच्या जागेवरही गाडी रुतते. पंप रात्रंदिवस चालतात, डिझेल जळतं आणि भरतीच्या वेळी जोराचा पाऊस आला तर बाहेरच्या गटारातलं पाणी उलटं आत येतं. दोन आठवड्यांचं खोदकाम सहा आठवडे खातं.

अशा बैठकीत मालकाचा इंजिनिअर ठरलेलं वाक्य बोलतो, “आमच्याकडून सहा आठवडे उशीर झाला, मान्य. सहा आठवडे घ्या.” आणि वर म्हणतो, “बाकीचा तर तुमचा पाऊस. तोही सरासरीइतकाच झालाय, मॅडम.”

पाऊस सरासरीइतका होता हे खरंच असतं. तरीही तो आपल्या खात्यावर येत नाही. मान्य झालेल्या वेळापत्रकात आपण त्या पावसात खोदणारच नव्हतो, मालकाच्या उशिराने आपल्याला तिथे ढकललं. म्हणून मागणी सहा आठवड्यांची नाही, सहा आठवड्यांनी काम ज्या महिन्यांत जाऊन पडलं त्या महिन्यांच्या मंद गतीसकट करायची. उलट उशीर आपलाच असेल, पायलिंगची रिग आपण वेळेवर आणली नसेल, तर तो सगळा पाऊसही आपलाच, आणि तिथे भांडू नये.

ही मागणी टिकायला पहिल्या दिवसाचा बेसलाइन प्रोग्रॅम, म्हणजे मूळ वेळापत्रक, नीट हवा. प्रिमावेरा या वेळापत्रकाच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या कामांना एकच कॅलेंडर लावू नका. खोदकाम, पायाभरणी आणि रस्त्याला वेगळं, बाहेरचा गिलावा, रंगकाम आणि गोंडोलावरच्या (इमारतीबाहेर टांगलेल्या पाळण्यावरच्या) कामाला वेगळं, आतलं ब्लॉकवर्क, प्लंबिंग आणि टाइल्स यांना वेगळं. आतली कामं पावसात बऱ्यापैकी चालतात. चारही महिन्यांना एकच कपात लावणंही चूक आहे, जुलै आणि सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा यांची गती सारखी नसते. कंपनीच्या जुन्या साइटचे रोजचे प्रगती अहवाल काढा आणि महिन्यागणिक प्रत्यक्ष किती घनमीटर माती निघाली ते बघा. असे आकडे घालून केलेला प्रोग्रॅम मालकाने मंजूर केला की पावसाळ्याचा हिशोब दोघांनीही मान्य केलेला असतो. कामगारांचंही कॅलेंडरमध्ये धरा: जूनमध्ये पेरणीला गावी जाणारे, मग गणपतीला कोकणात जाणारे, मग दिवाळी आणि छठ. नदीतला रेतीउपसा पावसाळ्यात बंद असतो, तेव्हा साठा मेमध्येच करायचा.

आता नोंदी. ‘पावसामुळे काम बंद’ ही ओळ मी असंख्य अहवालांत वाचली आहे आणि तिची किंमत शून्य आहे. नोंद अशी हवी: “१४ जुलै. ११:१० ला जोरदार पाऊस सुरू. ए विंग, सातवा स्लॅब, कास्टिंग निम्म्यावर. ११:४० ला थांबवून कन्स्ट्रक्शन जॉइंट दिला, ताज्या काँक्रीटवर ताडपत्री टाकली. दोन ट्रान्झिट मिक्सर परत पाठवले. ४ वाजता पाऊस थांबला, पाणी काढायला दोन तास. हजर कामगार ३८, त्यांतले २२ तिसऱ्या मजल्यावर ब्लॉकवर्कला लावले.” शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं. नुकसान कमी करायचा प्रयत्न तुम्ही केलात, हे त्यावरूनच दिसतं. केवळ मिलिमीटर पुरेसे नसतात. रात्रभर ७० मिलिमीटर पडून सकाळी उघडलं तर स्लॅब होतो, आणि दुपारी तीन वाजता २० मिलिमीटर पडला तर तोच स्लॅब जातो.

आणखी एक बारकावा, जो कोणी सांगत नाही. हवामान खात्याचा दिवस सकाळी ८:३० ते दुसऱ्या दिवशी सकाळी ८:३० असा असतो. वरच्या नोंदीतला १४ जुलैचा पाऊस सरकारी आकड्यांत १५ जुलैच्या नावावर दिसेल. हे माहीत नसलेल्या माणसाची सगळी जोडपत्रं एका दिवसाने चुकतात आणि समोरचा तेवढ्यावरून अख्खा दावा संशयास्पद ठरवतो.

नोंद झाली की नोटीस. फिडिकमध्ये घटना कळल्यापासून २८ दिवस, केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या अटींमध्ये १४ दिवस, खासगी करारांत काय असेल ते वाचा. व्हॉट्सअॅप ग्रुपवर पाण्याचा फोटो टाकला म्हणजे नोटीस दिली असं होत नाही. करारात लिहिलेल्या पत्त्यावर, त्यातल्या कलमाचा उल्लेख करून पत्र गेलं पाहिजे. हिंड्रन्स रजिस्टरवर (कामातल्या अडथळ्यांच्या नोंदवहीवर) मालकाच्या इंजिनिअरची सही त्याच आठवड्यात घ्या. ऑक्टोबरमध्ये चार महिन्यांच्या सह्या एकदम मागितल्या तर कोणी देत नाही, आणि तोवर त्या इंजिनिअरची बदलीही झालेली असते.

दाव्याला जोडायचे प्रमाणित आकडे हवामान खात्याच्या पुण्यातल्या कार्यालयाकडून अर्ज करून आणि शुल्क भरून मिळतात. वर्तमानपत्राचं कात्रण किंवा मोबाइल अॅपचा स्क्रीनशॉट लवादापुढे फारसा टिकत नाही. मागच्या दहा वर्षांचे महिनावार आकडे निविदा भरतानाच मागवून ठेवा. दर ठरवताना ते लागतातच, आणि पुढे पावसावरून वाद झाला तर तुलना करायलाही तेच आकडे लागतील.