पोल्ट्री शेडमधली हवा निर्जंतुक कशी ठेवावी

पहाटे शेडचं दार उघडताच डोळे चुरचुरले, तर हवा बिघडली आहे असं समजा. विट्याच्या माळावर डिसेंबर-जानेवारीत हे हमखास होतं. पक्ष्यांना थंडी लागू नये म्हणून आपण पडदे गच्च बांधतो आणि विष्ठेतून सुटणारा अमोनिया रात्रभर आत कोंडतो. त्याचं प्रमाण 25 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 25 भाग) वर गेलं की पक्ष्यांच्या श्वासनलिकेतली बारीक लव निकामी व्हायला लागते. धूळ आणि जंतू बाहेर ढकलण्याचं काम ही लवच करत असते. ती गेली की सीआरडी (श्वसनाचा जुनाट आजार), राणीखेत, ब्राँकायटिस या रोगांना रान मोकळं मिळतं. म्हणून आधी हवा खेळती करा, लिटर म्हणजे जमिनीवर अंथरलेलं तूस कोरडं करा आणि मगच औषधाला हात लावा.

हवा तपासा, पण बसून. कोंबडी जमिनीपासून वीतभर उंचीवर श्वास घेते. शेडच्या मधोमध दोन मिनिटं उकिडवं बसा. रोज आत राबणाऱ्याच्या नाकाला वासाची सवय झालेली असते, त्यामुळे बाहेरून आलेल्या माणसाला बसवलेलं बरं.

पडदा वरून उघडा. वरच्या बाजूला हातभर फट थंडीच्या रात्रीही हवीच. गरम, दमट हवा तिथून निघून जाते आणि बाहेरची गार हवा थेट पिलांच्या अंगावर येत नाही. पडदा खालून उचलला तर नेमकं उलटं होतं. पिलं लहान असतील तर ब्रूडरची (पिलांना ऊब देणाऱ्या शेगडीची किंवा दिव्यांची) ऊब वाढवा, फट बुजवू नका.

लिटर कोरडं ठेवा. मूठभर तूस घट्ट दाबून मूठ उघडा. गोळा तसाच राहिला तर ओल जास्त आहे. पक्ष्यांना पाणी देणारी गळकी निपल आधी दुरुस्त करा, ढेपा बाहेर टाका आणि ऊन वर आल्यावर, पडदे उघडून लिटर खालीवर करा.

इथे माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. पावसाळ्यात लिटर ओलं झालं म्हणून मी पक्षी आत असतानाच त्यावर भरपूर चुना टाकला. दुसऱ्या दिवशी पक्षी डोळे मिटून कोपऱ्यात बसलेले. ओल्या विष्ठेला चुना लागला की तिच्यातला अमोनिया आणखी जोरात सुटतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्या बॅचची खोकल्याची घरघर आजही कानात आहे. अमोनिया धरून ठेवायला सुपर फॉस्फेट चालतं. चुना शेड रिकामं झाल्यावर वापरा.

आता फवारणी. रोगजंतू हवेत सुटे कमी आणि धुळीच्या कणांवर बसून जास्त फिरतात. म्हणून तुषार मारले की धूळ खाली बसते, हाच अर्धा फायदा. पक्षी आत असताना वापरता येतं असं लेबलवर स्पष्ट लिहिलेलं जंतुनाशकच घ्या आणि त्यावरचंच प्रमाण पाळा. फवारा पक्ष्यांच्या डोक्यावरून, वरच्या दिशेने मारा. वेळ दुपारची, पडदे उघडे. शिराळा-पाटणसारख्या पावसाच्या भागात हवा आधीच दमट असते, तिथे भर पावसाळ्यात फवारणी टाळा, लिटर ओलं होईल. राणीखेतवरच्या लासोटासारखी जिवंत लस द्यायची असेल तर आदल्या दिवसापासून नंतरचे दोन दिवस फवारणी बंद ठेवा, नाहीतर लसच मरते. तोंडाला मास्क आणि डोळ्यांना चष्मा लावा. ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड कधीही एकत्र करू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

कडुलिंबाच्या पाल्याच्या धुरीबद्दल बरेच जण विचारतात. धुराने माश्या-डास पळतात, पण हवा निर्जंतुक होत नाही, उलट पक्ष्यांच्या फुप्फुसांना त्रास होतो.

बॅच गेल्यावर खरी सफाई. लिटर शेडपासून लांब न्या, दारात ढीग नको. छताच्या कैच्या, जाळ्या, पंखे यांवरची धूळ आधी पाणी मारून ओली करा, मग काढा. त्यानंतर साबणाच्या पाण्याने धुऊन सगळं वाळू द्या आणि मगच जंतुनाशक मारा. घाण तशीच ठेवली तर जंतुनाशकातला क्लोरीन तिच्यातच खर्ची पडतो. शेवटी भिंतींना आणि फरशीला चुना द्या. फॉर्मेलिन आणि पोटॅशियम परमँगनेटची धुरी बंदिस्त खोलीसाठी आहे. आपल्या जाळीच्या शेडमध्ये तो वायू टिकतच नाही, शिवाय फॉर्मेलिनने माणसाला कर्करोग होऊ शकतो. मी ते वापरत नाही.

दोन आठवडे शेड रिकामं, कोरडं ठेवा. नवी पिलं येण्याच्या आदल्या दिवशी ब्रूडर लावा, तासभर पडदे पूर्ण उघडा आणि पुन्हा एकदा मधोमध उकिडवं बसा. डोळ्यांत जरा जरी झोंबलं तरी पिलं खाली सोडू नका.